टाळ्या खाल्लेली भाकरी

धान्यराज फूड्सची नोटीस आली तेव्हा महानंदा दुलंगेचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते, म्हणून ती भिंतीवरच्या पडद्यानंच वाचून दाखवली. पडद्याचा आवाज इतका मधाळ, की घरावर जप्ती आली तरी ऐकणाऱ्याला बारशाचं आमंत्रण वाटावं. ‘आपण आपल्या कडक भाकरीच्या पाकिटांवर छापत असलेले “टाळ्या खाल्लेली भाकरी” हे घोषवाक्य आमच्या नावे नोंदलेले असून त्याचा वापर तात्काळ थांबवावा.’ महानंदानं हातातला गोळा परातीत आपटला.

“ह्यांच्या नावे? माझ्या लेकीच्या तोंडातलं वाक्य ह्यांच्या नावे कसं होईल गं?”

पत्र्याच्या शेडमधल्या सगळ्या बायका भाकरी थापायच्या थांबल्या. सोलापुरात अक्कलकोट रोडला, दुलंग्यांच्या घरामागच्या या शेडमध्ये ‘अक्षता कडक भाकरी’ तयार होते. कागदासारखी पातळ, तव्यावरून उतरवून निखाऱ्याच्या धगीला वाळवलेली, महिनाभर टिकणारी. अक्षता म्हणजे महानंदाची मुलगी. घरात तिला अक्कू म्हणायचे. पाच वर्षांची व्हायच्या आधीच ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला आता दहा वर्षं होत आली.

त्या वाक्याची गोष्ट सोलापुरातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ होती, कारण महानंदा ती पाकिटाबरोबर फुकट द्यायची. अक्कू परातीजवळ बसलेली. आई भाकरी थापतेय. पोरगी कळवळून म्हणाली, ‘आई, तिला मारू नको ना.’ महानंदा म्हणाली, ‘मारत न्हाई गं, टाळ्या वाजवायलेय.’ त्यावर अक्कूनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘मग भाकरी मार नाही खात. भाकरी टाळ्या खाते.’

मार खाणं आपल्याला ठाऊक असतं. शिव्या खाणंही ठाऊक असतं, काहींना तर रोजचं असतं. टाळ्या खाणं मात्र त्या एका पोरीलाच सुचलं, असं म्हणून महानंदा पदरानं डोळे पुसायची आणि गिऱ्हाईक एकाऐवजी दोन पाकिटं घेऊन जायचं. ती हे धंद्यासाठी करायची नाही. पोरीचं नाव कुणापुढे तरी काढायला मिळावं म्हणून करायची.

तिचा नवरा रेवणसिद्ध संध्याकाळी भाकरीची खोकी पोचवून बॅटरीवरचा टेम्पो घेऊन परत आला. नोटिशीचं ऐकून त्यानं पायातली चप्पलही काढली नाही.

“सोडून दे की ते वाक्य,” तो म्हणाला. “दुसरं छापू. ‘सोलापूरची अस्सल’ म्हणून छापू.”

“अस्सल सगळेच म्हणतात वो. हे आपल्या अक्कूचं हाय.”

“असू दे की. ती लई मोठी कंपनी हाय. आपण कशाला नादाला लागायचं?”

महानंदानं त्याच्याकडे बघितलंही नाही. हा माणूस भित्रा आहे हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिचं दुःख वेगळं होतं. रेवण अक्कूला विसरला होता. रोज दुपारी ती ‘सय’ लावायची, आणि सयमधून अक्कूचा आवाज आला रे आला की हा बाबा काहीतरी निमित्त काढून टेम्पोकडे पळायचा. पोटच्या पोरीचा आवाज बापाला नकोसा होतो, हे तिला समजत नव्हतं आणि माफही करता येत नव्हतं.

सय आता घरोघरी आहे, त्यामुळे तिचं कौतुक कुणाला उरलेलं नाही. पण महानंदानं घेतली तेव्हा ती नवी होती. गेलेल्या माणसाचे जे काही आवाज घरात शिल्लक असतील ते या लहानशा डबीला द्यायचे. डबी त्यावरून त्या माणसाचा स्वर, लकब, शब्द शिकते आणि मग बोलायला लागते. शिल्लक असतं ते थोडं आणि बोलायचं असतं पुष्कळ, म्हणून मधलं सगळं ती स्वतःच भरते. शाळेच्या पेपरात गाळलेल्या जागा भरायचो, तसंच. फरक एवढाच, की शाळेत बरोबर उत्तर एकच असायचं आणि इथे ऐकणाऱ्याला जे आवडेल ते बरोबर. ऐकणारा कुठल्या उत्तरावर हसला, कुठे थबकला, कधी ‘परत म्हण’ म्हणाला, हे डबी टिपून ठेवते आणि पुढच्या वेळी थोडी त्या बाजूला सरकते. रोज केसभर. वर्षानुवर्षं असं सरकत गेल्यावर मूळ माणूस किती उरला, हे कुणी मोजायला जात नाही.

अक्कूच्या बाबतीत शिल्लक फारच थोडं होतं. रेवणच्या जुन्या फोनमधले लग्नाच्या मांडवातले, टीव्हीच्या गोंगाटातले काही तुकडे, बस. तेवढ्यावर सय बोलायला लागली आणि आजवर दर दुपारी बोलत आली.

वकील नसीमा बागवान महानंदाची जुनी गिऱ्हाईक. भाकरीबरोबर शेंगाचटणी नेणारी. तिनं शेडमध्ये येऊन नोटीस वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“महानंदाताई, पूर्वीचा जमाना असता तर मी म्हटलं असतं, तुमची पाकिटं आधीची, चला, जिंकलो. आता तसं नाही. यंत्रं रोज लाखांनी जाहिरातीची वाक्यं पाडायला लागली, त्यामुळे आधी कोणी छापलं याला अर्थच उरला नाही. आता उगम कायदा. वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, ते बघतात.”

“अक्कूच्या तोंडून निघालं.”

“ते सिद्ध करायला उगमयंत्र असतं. यंत्रानं बनवलेल्या प्रत्येक आवाजात एक खूण सोडणं सक्तीचं आहे. नोट उजेडात धरली की आतली खूण दिसते ना, तशी. कानाला ऐकू येत नाही, पण उगमयंत्राला येते. हा आवाज माणसाचा की बनवलेला, कधीचा, त्याच्या आधी कोण काय बोललं, सगळं ते उलगडून दाखवतं. मुलीचं वाक्य रेकॉर्ड झालेलं आहे का?”

“सयमधे हाय की. रोज ऐकते मी.”

बागवाननं चष्मा परत डोळ्यांवर घेतला. “सयनं जुळवलेलं नाही ना? नीट आठवा.”

“माझ्यासमोर बोललीय वो ती! मी परातीच्या ह्या बाजूला आणि ती त्या बाजूला. अजून दिसतीय मला.”

रेवण दारात उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, चाचणी न करता मिटत न्हाई का? आपण वाक्य सोडलं तर?”

“सोडलं तर आजच मिटेल. धान्यराजनं तसं लिहिलंयच.”

“मग मिटवा की.”

“कुणी काय मिटवायचं न्हाई!” महानंदा कडाडली. “तुम्हाला तिचं काय पडलंय? तिचं एक वाक्य राहिलंय जगात. तेवढंबी तुम्ही देऊन टाकायला बसलाय. बाप हाय का कोण हाय तुम्ही?”

रेवणनं कोपऱ्यातली बादली उचलली. मग तो टेम्पो धुवायला निघून गेला. टेम्पो सकाळीच धुतलेला होता.

सुनावणी पुण्याला होती. नोंदणी कार्यालयात पांढऱ्या भिंतींची छोटी खोली, मधे टेबल, टेबलावर पोळपाटाएवढं चपटं उगमयंत्र. पलीकडे धान्यराजचा वकील, तरुण आणि अतिशय नम्र. अधिकारी तावडे निवृत्तीला आलेले होते आणि मान खाली घालून बोलायची त्यांना सवय होती. महानंदानं सयची डबी आणली होती. अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे रेवणनं जुना फोनही आणला होता. तो अजून चालू कसा, याचं महानंदाला नवल वाटलं, पण विचारायला सवड नव्हती.

“आधी ओळख पटवायची असते,” तावडे म्हणाले. “दोन आवाज ऐकवतो. त्यातला आपल्या मुलीचा कोणता, ते सांगायचं. घाई नाही.”

पहिला आवाज लागला. मागे टीव्ही, भांड्यांचा खणखणाट, आणि त्यातून एक घोगरं पोर कुरकुरत होतं. ‘आई, भाकली नको. मला भाकली आवडत न्हाई. बिक्कीट दे.’

मग दुसरा. स्वच्छ, झऱ्यासारखा. ‘मग भाकरी मार नाही खात. भाकरी टाळ्या खाते.’

महानंदाचे डोळे भरून आले. “ही माझी अक्कू,” ती म्हणाली. “दुसरी.”

“आणि पहिला आवाज?”

“काय की. शेजारपाजारचं कुणाचं तरी पोरगं असंल. बसलेला आवाज हाय त्याचा.”

धान्यराजच्या वकिलानं नजर दुसरीकडे वळवली. महानंदानं वळून रेवणकडे बघितलं, तर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

तावड्यांनी मान वर केली. “बाई, पहिला आवाज आपल्या पतींच्या फोनमधला आहे. त्यात खूण नाही. तो आपल्या मुलीचाच आहे. दुसऱ्यात खूण आहे. तो सयनं बनवलेला आहे, मुलगी गेल्यानंतर दोन वर्षांनी.”

“न्हाई,” महानंदा म्हणाली. “तुमचं यंत्र बिघडलंय.”

“त्याच्या आधीचं बोलणंही निघालंय. ऐकायचंच असेल तर.”

ऐकायचंच होतं. तावड्यांनी बोट टेकवलं आणि खोलीत महानंदाचा स्वतःचा आवाज आला. थकलेला, रडून जड झालेला, हातांच्या थापांच्या आवाजात मिसळलेला. ‘अक्कू, बघायलीस का? आई भाकरीला मारायलीय. मार खाती का गं भाकरी माझ्या हातचा? का टाळ्या वाजवायलेय मी?’ मग सय म्हणाली, ‘आई, तिला मारू नको ना. मग भाकरी मार नाही खात. भाकरी टाळ्या खाते.’

आणि मग हसू. महानंदाचंच. आधी दबकत, मग अनावर, मग रडण्यात मिसळत गेलेलं. ते हसू फार वेळ चाललं. शेवटी तिचा आवाज म्हणाला, ‘परत म्हण की गं. परत म्हण.’

उगमयंत्रानं पुढचं ऐकवलं नाही. त्याची गरज नव्हती. पुढे ती ‘परत म्हण’ किती वेळा म्हणाली असेल, हे तिला आता स्वतःलाच कळत होतं. डबीतलं बोलणं ऐकता ऐकता परातीपलीकडे एक पोरगी येऊन बसली होती, आणि दर दुपारी ती आणखी खरी होत गेली होती. तिचा फ्रॉकसुद्धा महानंदाला दिसत होता. तो कुठून आला, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

तावड्यांनी मधली सुट्टी जाहीर केली. बाहेर बाकावर बागवान तिच्या शेजारी बसली आणि हलक्या आवाजात समजावू लागली.

“ताई, ऐकताय ना? सय आपोआप जी वाक्यं बनवते ती तिच्या कंपनीची. त्यांनी ती घाऊक विकली, धान्यराजनं हे विकत घेतलं. त्यांचंही तसं चुकलेलं नाही. पण कायद्यात एक सवलत आहे. वाक्याचं बीज माणसाच्या बोलण्यात असेल तर मालकी माणसाची. मार, टाळ्या, भाकरी, सगळं तुम्हीच म्हणालात. त्या डबीनं फक्त शेवट केला. आपण जिंकतो. फक्त आत जाऊन तुमच्या तोंडानं नोंदवायचं, की हे वाक्य माझं आहे, माझ्या मुलीचं नाही.”

“आणि न्हाई नोंदवलं तर?”

“तर ते धान्यराजच्या पाकिटावर राहील.”

बागवान उठून पाणी आणायला गेली. रेवण भिंतीला टेकून उभा होता. महानंदानं त्याला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“आपल्या घरात ‘खाते’ कोण म्हणतं गं नंदा?” तो म्हणाला. “आपण समदे ‘खाती’ म्हणतो. अक्कू तर ‘भाकली’ म्हणायची. आणि तिचा आवाज जन्मापासनं बसका. डॉक्टर म्हणले होते, मोठी झाली की सुटंल.”

“मग सांगायचं न्हाई?”

“त्या दिवशी मी दारातच होतो. तू हसलीस. अक्कू गेल्यापासनं पहिल्यांदा हसलीस. मी म्हटलं, असू दे. खोटं तर खोटं.” त्यानं नाक पुसलं. “पण मला ऐकवायचं न्हाई ते. त्या डबीतली पोरगी बोलायला लागली की मला वाटायचं, आपली परत एकदा जायलीय.”

“मला वाटलं, तुम्ही विसरलात तिला.”

“मी एकटाच लक्षात ठेवून होतो, नंदा.”

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी तिनं या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालण्यात काढली होती.

सुट्टी संपली. तावड्यांनी मजकूर समोर सरकवला आणि तो मोठ्यानं वाचायला सांगितलं, कारण उत्तर पक्षकाराच्या आवाजातच नोंदवावं लागतं. उगमयंत्र पुढ्यात होतं. तिनं कागद उचलला आणि परत खाली ठेवला. धान्यराजचा वकील हळूच म्हणाला, “काकू, सावकाश.” त्यानं असं म्हणायला नको होतं, कारण त्यामुळे तिला रडूच आलं. ते ओसरल्यावर तिनं वाचलं.

“मी, महानंदा रेवणसिद्ध दुलंगे, नोंदवते की सदर वाक्य माझे आहे. माझी मुलगी अक्षता हिने ते कधीही उच्चारलेले नाही.”

यंत्रावर हिरवा ठिपका लागला. आवाज माणसाचा, विधान खरं. तावड्यांनी धान्यराजची तक्रार फेटाळली आणि वाक्य महानंदाच्या नावे केलं. बागवाननं तिचा हात दाबला. खटला जिंकून बाहेर पडणाऱ्या माणसाचं अभिनंदन करतात, ते मात्र कुणीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका कामाला आल्या तेव्हा निकाल त्यांच्या कानावर आला होताच. त्यांनी पेढे आणले होते. महानंदानं पेढा खाल्ला, पाकिटं मोजून दिली, पीठ मळून दिलं. एका नव्या गिऱ्हाइकानं कौतुकानं विचारलं, “हे वाक्य तुमच्या मुलीचं म्हणे?” तेव्हा ती म्हणाली, “न्हाई, माझंच.” एवढंच म्हणाली. गिऱ्हाईक एक पाकीट घेऊन गेलं. दुपारी सय लावायची वेळ झाली तशी तिनं डबी कपाटात सगळ्यात वर, गोधड्यांच्या मागे ठेवली. फेकवली नाही.

मग तिनं रेवणला हाक मारली. “तो फोन आणा. तुमचा जुना.”

तो आणताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की तिला त्याच्याकडे बघवेना. शेडमधल्या बायका जेवायला गेल्या होत्या. दोघं परातीजवळच खाली बसले. इतकी वर्षं तो फोन त्यानं टेम्पोत आसनाखाली ठेवला होता, बॅटरी बदलत, जपत. टेम्पो धुताना तो हेच ऐकत बसायचा, हे त्यानं आता तिला सांगितलं, आणि सांगताना लाजला.

‘आई, भाकली नको. मला भाकली आवडत न्हाई. बिक्कीट दे.’

रेवण हसला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “ऐकलंस? ‘बिक्कीट’. आणि तो गुरगुरल्यासारखा आवाज. ओळखलास ना आता?”

महानंदा पुढे वाकून ऐकत होती. तिनं डोळे मिटले, परातीपलीकडची ती फ्रॉकवाली पोरगी मनातून बाजूला सारली आणि तिथे या घोगऱ्या, हट्टी, भाकरी न आवडणाऱ्या मुलीला बसवायचा प्रयत्न केला. पुन्हा लावायला सांगितलं. त्यानंतर आणखी एकदा. नऊ महिने पोटात वाढवलेलं, अंगावर पाजलेलं पोर तिच्याजवळ बिस्कीट मागत होतं, आणि हे कुणाचं पोर असंच तिला वाटत होतं. कुणाचं तरी गोड लेकरू असावं, एवढंच.

“ओळखलास ना?” रेवणनं पुन्हा विचारलं.

“होय,” ती म्हणाली. “आपली अक्कू.”

आणि तिला हुंदका फुटला. रेवणनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. इतक्या वर्षांनी का होईना, आपण दोघं एकाच पोरीसाठी रडतोय, असं त्याला वाटत होतं.